कार्बन बाणाचा स्पाइन निवडताना या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर मैदानावर आला. नवा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, चाकं नसलेलं धनुष्य), नवे डझनभर कार्बन बाण. १८ मीटरवर त्याचा ग्रुप, म्हणजे निशाण्यावर पडलेल्या बाणांचा घोळका, बरा पडत होता, पण सगळाच्या सगळा डावीकडे. साइटची (नेम धरायच्या साधनाची) पिन डावीकडे सरकवत सरकवत पार टोकाला नेलेली. ३० मीटरवर गेलं की ग्रुपही फुटायचा. वडील काळजीनं म्हणाले, "सर, ह्याचा हात हलतोय का बघा ना."

मी आधी बाण बघितला. शाफ्टवर, म्हणजे बाणाच्या दांड्यावर, स्पाइन ६०० (बाण किती वाकतो त्याचा आकडा), लांबी २८ इंच. लिंबवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर, ३४ पाउंड. बो स्केल, म्हणजे खेचायचं वजन मोजणारा काटा, लावून मुलाला पूर्ण खेचायला लावलं, तर काटा २९ वर थांबला. एवढ्या वजनाला आणि लांबीला बहुतेक तक्ते साधारण ७५० ते ८५० चा बाण सुचवतात. मुलाचा हात ठीक होता. बाणच हवा तेवढा वाकत नव्हता.

अशी पोरं मी दरवर्षी बघतो. महिनोन्‌महिने ती स्वतःच्या रिलीजला, म्हणजे दोरी सोडण्याच्या पद्धतीला, दोष देत राहतात, आणि चूक असते खरेदीच्या दिवशी झालेली. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी आकड्याचा अर्थ. कार्बन शाफ्ट २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवतात आणि मधोमध १.९४ पाउंडाचं, म्हणजे ८८० ग्रॅमचं वजन टांगतात. शाफ्ट जितका खाली झुकेल ते माप इंचाच्या हजाराव्या भागात लिहितात. ५०० चा शाफ्ट अर्धा इंच झुकतो, १००० चा एक इंच. म्हणजे आकडा मोठा तितका बाण नरम. इथेच पहिला गोंधळ होतो. "माझं पाउंडेज वाढलं, आता मोठ्या नंबरचे बाण घेतो," असं म्हणणारे मला खूप भेटलेत. जायचं असतं नेमकं उलट दिशेला. अकादमीत जुने ॲल्युमिनियमचे बाण पडलेले असतात, त्यांच्यावर १८१६ असं काही लिहिलेलं असतं. तो स्पाइन नव्हे. १८ म्हणजे व्यास, इंचाच्या चौसष्टाव्या भागात. १६ म्हणजे नळीच्या भिंतीची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. त्या आकड्याची कार्बनच्या आकड्याशी तुलना करू नका.

लिंबवरचा आकडा तुमचा नसतो

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लिंबवर लिहिलेलं वजन २८ इंच ड्रॉला, म्हणजे तेवढी दोरी खेचून, मोजलेलं असतं, तेही साधारणपणे २५ इंची रायझरवर (धनुष्याच्या मधल्या, हातात धरायच्या भागावर). शिवाय हे २८ इंच म्हणजे ग्रिपच्या सगळ्यात खोल भागापासून नॉकच्या (बाणाच्या मागच्या, दोरीत अडकणाऱ्या टोकाच्या) खाचेपर्यंतचं अंतर अधिक पावणेदोन इंच. आपल्याकडे उंचीनं लहान मुलंमुली २५-२६ इंचच खेचतात. दर इंचाला साधारण दोन पाउंड कमी होतात, म्हणजे ३४ चं धनुष्य त्यांच्या बोटांवर तीसच्या आसपास येतं. तेच लिंब २३ इंची रायझरवर चढवले तर वजन थोडं वाढतं. लिंब बोल्ट, म्हणजे लिंब रायझरला धरणारे बोल्ट, आतबाहेर केले की आणखी फरक.

म्हणून बो स्केल लावा. मित्राला बाजूला उभं करा, नेहमी जिथे अँकर करता, म्हणजे पूर्ण खेचून हात टेकवता, तिथपर्यंत खेचा आणि त्याला काटा वाचू द्या. तीनदा मोजा. नवीन मुलं काट्यासमोर जोर लावून जास्त खेचतात, त्यामुळे पहिलं माप मी धरतच नाही. मिळेल तो आकडा वहीत लिहा आणि तक्त्यात तोच वापरा. दुकानात जातानाही तोच घेऊन जा.

लांबीचंही तसंच. तक्त्यातली बाणाची लांबी नॉकच्या खाचेच्या तळापासून शाफ्टच्या कापलेल्या टोकापर्यंत धरतात. पॉइंट, म्हणजे पुढे बसवलेलं टोक, त्यात येत नाही. बऱ्याच तक्त्यांमध्ये एक इंच लांबी आणि पाचेक पाउंड वजन यांनी बाण सारखाच एका घरानं सरकतो. तेव्हा पॉइंटसकट मोजून पाऊण इंचाची चूक केलीत, तर ती तीन-चार पाउंडांच्या चुकीएवढी भरते.

कंपाउंडवाल्याचा बाण बघून निवडणं

२०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीनं आणि नागपूरच्या ओजस देवतळेनं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, आणि आपल्याकडे आर्चरीला आलेली मुलं त्यांचे व्हिडिओ बघून बाण मागू लागली. कौतुकच आहे. पण ते दोघं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, खेळतात. कंपाउंडमध्ये दोरी यांत्रिक रिलीजनं सुटते आणि बाण मुख्यतः वरखाली वाकतो. रिकर्व्हमध्ये दोरी बोटांवरून घसरते, त्या घसरण्यात बाजूला ढकलली जाते आणि बाण आडवा वाकतो. आधी रायझरच्या बाजूला, मग उलट, मग परत. असा सळसळत तो रायझरला वळसा घालून निघतो. हे वाकणं धनुष्याच्या वेगाशी जुळलं की बाणाची शेपटी रायझरला न लागता निसटते. कडक बाण पुरेसा वाकत नाही, नरम बाण गरजेपेक्षा जास्त वाकतो. दोन्हीकडे शेपटी घासण्याचा धोका असतो. म्हणून कंपाउंडचा तक्ता रिकर्व्हला चालत नाही, पाउंड सारखे असले तरी.

दुकानातच डझनभर कापून घेणं

कापलेला कार्बन परत जोडता येत नाही. बाण आखूड केला की कडक होतो, आणि पुढे मुलाची उंची वाढून ड्रॉ वाढला की तोच बाण क्लिकरला (पूर्ण खेचलं की टिक वाजणाऱ्या पट्टीला) पुरत नाही. त्याहून वाईट म्हणजे रेस्टवरून, म्हणजे बाण टेकवायच्या आधारावरून, मागे घसरून हातावर येऊ शकतो. वाढत्या वयाच्या मुलांचे बाण मी रेस्टच्या पुढे इंच-दीड इंच जास्त ठेवायला सांगतो आणि त्या लांबीला जरा कडक शाफ्ट घ्यायला लावतो. कापायचंच असेल तर आधी दोनच बाण कापा, तेही पाव इंचानं, आणि मारून बघा. हॅकसॉ किंवा पाइप कटर कार्बनला लावू नका. त्यानं धागे फाटतात आणि टोकाला दिसणार नाहीत अशा चिरा पडतात. वेगानं फिरणारी अपघर्षक चकती लागते, आणि तोंडावर मास्क, कारण ती काळी धूळ फुप्फुसात जायला नको.

पॉइंट बसवतानाही घाई नको. हॉटमेल्ट (उष्णतेनं वितळणारा गोंद) वितळण्यापुरतं पॉइंटला गरम करा, शाफ्टला नव्हे. जास्त उष्णतेनं आतला रेझिन खराब होतो, आणि तो बाण नंतर कशानंच सुधरत नाही.

बेअर शाफ्ट वाचताना होणारे घोटाळे

बेअर शाफ्टवर, म्हणजे बिनपिसांच्या बाणावर, माझा भरवसा आहे, पण घाईत मारलेल्या बेअर शाफ्टवर अजिबात नाही. पद्धत सोपी आहे. १८ मीटरवर तीन पिसांचे आणि दोन बिनपिसांचे बाण एकाच निशाण्यावर मारायचे. उजव्या हाताच्या खेळाडूचे बेअर शाफ्ट पिसांच्या ग्रुपच्या डावीकडे पडले तर बाण कडक, उजवीकडे पडले तर नरम. डावखुऱ्याला हेच उलट. वर पडले तर नॉकिंग पॉइंट (दोरीवरची नॉक बसवायची जागा) खाली आहे, खाली पडले तर तो वर आहे. हे आधी जुळवा, मग डाव्या-उजव्याकडे बघा.

आता घोटाळे. तुमचा पिसांचा ग्रुपच जेवणाच्या ताटाएवढा असेल तर बेअर शाफ्ट काहीच सांगत नाही. अशा मुलाला मी दोन महिने नुसतं जवळून मारायला लावतो, बाणाला हातही लावू देत नाही. बिनपिसांचा बाण हलका असतो, म्हणून पिसांच्या जागी तेवढ्याच वजनाची टेप गुंडाळा. आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे बाण कडक दाखवतो, पण खरं तर शेपटी रेस्टला किंवा रायझरला लागून बाजूला उडालेली असते. शंका आली की बाणाच्या मागच्या भागाला आणि रेस्टजवळ थोडी टाल्कम पावडर लावून एक बाण मारा. कुठे घासलं त्याची रेघ लगेच दिसते. एका मुलीच्या धनुष्याचा स्पाइन आम्ही आठवडाभर बदलत बसलो होतो. दोष निघाला रेस्टच्या तारेचा, ती प्लंजरच्या (बाणाला बाजूनं टेकणाऱ्या स्प्रिंगच्या बटणाच्या) पुढे जास्त आली होती. तार मागे वाकवली आणि बेअर शाफ्ट ग्रुपमध्ये आले. तो आठवडा मला अजून टोचतो, कारण तिची स्पर्धा जवळ होती.

दुरुस्त्या लहान प्रमाणातच काम करतात. बाण थोडा नरम वागत असेल तर पॉइंट हलका करा किंवा पाव इंच कापा. प्लंजरची स्प्रिंग कडक केली तरी थोडा फरक पडतो. थोडा कडक असेल तर पॉइंट जड करा, स्प्रिंग सैल करा, किंवा लिंब बोल्ट आत घेऊन एखादा पाउंड वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. स्प्रिंग पूर्ण आवळून किंवा पूर्ण सैल करूनच बाण जुळत असेल, तर शाफ्ट चुकीचा आहे हे मान्य करा.

दोरीचं भान ठेवा. सुरुवातीच्या लाकडी टेकडाउनवर (भाग सुटे करता येणाऱ्या धनुष्यावर) बहुधा डेक्रॉनची, जास्त ताणणारी दोरी असते. ती बदलून कमी ताणणारी नवी दोरी लावलीत की धनुष्य वेगवान होतं आणि कालपर्यंत जुळणारे बाण नरम वागायला लागतात. मुलं तेव्हा घाबरून प्लंजर फिरवत बसतात.

डझनातला एकच बाण सतत बाहेर जात असेल तर स्पाइनकडे वळूच नका. सगळ्या बाणांवर नंबर टाका. त्या बाणाची नॉक बदला, पॉइंट ढिला आहे का बघा, पिसं तपासा. मग दोन्ही टोकांना धरून, डोळ्यांपासून लांब, हलकेच वाकवा आणि फिरवून पुन्हा वाकवा. करकर आवाज आला किंवा बोटाखाली चीर लागली तर तो बाण मोडून टाका. चिरलेला कार्बन सुटताना फुटला तर त्याच्या सळ्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. इथे पैशांचा विचार करू नका.

त्या मुलाला आम्ही ८०० चे सहा साधे बाण घेऊन दिले, पूर्ण लांबीचे. चौथ्या दिवशी त्याची साइट मधोमध आली. ६०० चे बारा बाण वडील परत द्यायला निघाले होते. मी ते डब्यात ठेवून द्यायला सांगितले. यंदा मुलगा दोन इंच वाढलाय, बोटांवरचं वजनही वाढलंय. परवा १२० ग्रेन वजनाचे पॉइंट लावून त्यानं त्यातले दोन बेअर शाफ्ट मारले. ग्रुपच्या डावीकडे चार बोटं पडले. पुढच्या रविवारी लिंब बोल्ट अर्धा फेरा आत घेऊन पुन्हा बघणार आहोत.