व्यवस्थापन शिकवणाऱ्यांनी सुट्टीत एक शिफ्ट सांभाळायची असेल तर

संख्याशास्त्र किंवा कॉस्टिंग शिकवायला कारखाना चालवलेला असावाच लागतो असे नाही. पण उत्पादन, मनुष्यबळ, विक्री हे विषय शिकवणाऱ्याने कधीतरी माणसांकडून काम करून घेतलेले असावे. 'प्रॅक्टिकली काय करायचं, सर?' या प्रश्नाला एरवी पुस्तकातलेच उत्तर मिळते.

उन्हाळी सुट्टीतले सहा आठवडे यासाठी राखा. चाकण, वाळूज, अंबड, बुटीबोरी, जवळच्या एमआयडीसीतले वीस-चाळीस कामगारांचे युनिट शोधा. मोठ्या कंपनीत बहुधा पाहुण्यासारखे फिरवतात आणि शेवटी भाषण करायला लावतात. मालकाकडे 'अभ्यासा'ची परवानगी नको, ठरावीक काम मागा: डिस्पॅच किंवा एका शिफ्टचे कामवाटप. मशिनची सुरक्षितता आणि पगार यांचे निर्णय मागू नका. कोणते निर्णय तुमचे, कोणते विचारून घ्यायचे आणि तुमच्या चुकीमुळे झालेले नुकसान कोण सोसणार, हे आधीच कागदावर आणा. कॉलेजचे पत्र आणि अपघात विमाही हवा.

पहिला आठवडा सुपरवायझरच्या मागे फिरा. बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. प्राध्यापक म्हणजे मालकाचा कान, असे वाटून लोक गैरहजेरी, रिजेक्शन, ओव्हरटाइम यांचे खरे कारण सांगत नाहीत. म्हणून कोणाही व्यक्तीबद्दल अहवाल देणार नाही, हे पहिल्याच दिवशी मालकासमोर सगळ्यांना सांगा, आणि पाळा.

दुसऱ्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी एक पान लिहा: कोणता निर्णय घेतला, तेव्हा काय माहीत होते, काय होईल असे वाटले. निकाल आठवड्याने वेगळ्या शाईने लिहा. नाहीतर 'मला ठाऊकच होतं' असे वाटू लागते आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही.

यातल्या एका निर्णयाची दोन पानी केस, म्हणजे वर्गात चर्चेला घ्यायचा प्रसंग, तयार करा. नावे, आकडे बदला आणि मालकाची लेखी संमती घ्या. वर्गात निर्णय ठरल्यावर थांबू नका. ज्या मुकादमाला तो पटलेला नाही त्याच्याकडून तो अमलात कसा आणायचा, यावर निम्मा तास द्या.

यूजीसीच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस', म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या क्षेत्रातून आलेले प्राध्यापक, नेमता येतात. त्यांना आपल्या क्षेत्रातला 15 वर्षांचा अनुभव लागतो आणि मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंतच त्यांची संख्या ठेवता येते. त्यांची निवड करताना स्वतःचा फसलेला निर्णय अर्ध्या तासात शिकवून दाखवायला सांगा. उरलेल्या प्राध्यापकांसाठी अशा शिफ्टची सोय संस्थेनेच करावी, आणि ते आठवडे कर्तव्यकाळ म्हणून धरावेत.