‘शेड्यूल’ की ‘स्केज्यूल’: वहीची दोन पानं

संध्याकाळी सातला माझ्याकडे ज्या मुली येतात, त्यांतल्या निम्म्या जणी पहिल्याच दिवशी विचारतात, “ताई, शेड्यूल म्हणायचं की स्केज्यूल?” कुणाची विमानतळावर मुलाखत असते, कुणी नर्सिंग संपवून बाहेर जायच्या तयारीत असते. लालबागला आमच्या दोन खोल्या आहेत, त्यातल्या बाहेरच्या खोलीत हा वर्ग भरतो. त्याआधी नऊ वर्षं मी मालाडला एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी केली. तिथे कानाला जे शिक्षण मिळालं, ते इथे सांगते.

आधी एक वही घ्या आणि समोरासमोरची दोन पानं उघडा. डाव्या पानावर लिहा ‘दोन्ही चालतात’. उजव्यावर लिहा ‘समोरच्याला कळत नाही’. इंग्रजी शब्दाच्या उच्चाराबद्दल शंका आली की तो यांपैकी कुठल्या पानावर जातो, एवढंच आधी ठरवायचं. सगळी मेहनत उजव्या पानावर करायची.

‘शेड्यूल’ डाव्या पानावर. ब्रिटिश परंपरेने ‘शेड्यूल’, अमेरिकन ‘स्केज्यूल’. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याच्या सुरुवातीला साधा ‘स’ होता. स्पेलिंग नंतर बदललं आणि दोन देशांनी ते आपापल्या परीने वाचलं. माझ्या पहिल्या मुलाखतीत मला एका साहेबांनी याच शब्दावर मध्येच तोडलं होतं, दहा उमेदवारांसमोर. पुढची वीस मिनिटं मी तो शब्दच टाळून बोलत राहिले आणि सगळी वाक्यं वाकडी झाली. घरी येऊन डिक्शनरी उघडली, तर दोन्ही उच्चार शेजारी शेजारी दिलेले. मला ते अजून लागतं. म्हणून माझ्या वर्गात डाव्या पानावरच्या शब्दासाठी कुणी कुणाला टोकायचं नाही.

याच पानावर ‘आयदर’ आणि ‘ईदर’, ‘डेटा’ आणि ‘डाटा’, ‘रूट’ आणि ‘राउट’. ‘ऑफन’मधला ‘ट’ इंग्लंडात एके काळी गळाला, मग स्पेलिंग वाचून वाचून लोकांनी तो परत आणला, म्हणून ‘ऑफ्टन’ही चालतं. ‘गॅरेज’चा जोर ब्रिटिश माणूस पहिल्या अक्षरावर देतो, अमेरिकन दुसऱ्यावर. आणि ॲल्युमिनियम! अमेरिकन माणूस ‘अलूमिनम’ म्हणाला की आपल्याला वाटतं, यांनी शब्द मोडला. पण हम्फ्री डेव्ही या इंग्लिश शास्त्रज्ञानेच १८१२ साली ‘अलूमिनम’ असं छापलं होतं. ‘नियम’ हे शेपूट इंग्लंडात नंतर रुळलं. यातलं तुमच्या तोंडात बसलेलं एक घ्या आणि तेच ठेवा. समोरच्याने दुसरं वापरलं तरी आपलं बदलायचं नाही.

आता उजवं पान.

एकदा मी एका अमेरिकन बाईंना त्यांचा पत्ता परत वाचून दाखवत होते. रस्त्याचं नाव द्राक्षाच्या वेलावरून होतं, ‘व्हाइन’. मी म्हटलं ‘वाइन’. त्या म्हणाल्या, नाही. मी पुन्हा तेच म्हटलं. असं चार वेळा झालं. शेवटी त्यांनी “व्ही, ॲज इन व्हिक्टर” असं सावकाश सांगितलं. मी बरोबरच म्हणतेय असं मला मनापासून वाटत होतं, कारण माझ्या कानाला तो फरक ऐकूच येत नव्हता. आपला ‘व’ त्यांच्या दोन अक्षरांच्या मधोमध बसतो. ओठ धड गोल होत नाहीत आणि दातही टेकत नाहीत. लिहिताना आपण ‘व्हॅन’ लिहितो तसं ‘व्हॉट’ही लिहितो, म्हणून इथे लिपीवर विसंबू नका.

हातात छोटा आरसा घ्या. मी आईच्या कुंकवाच्या करंड्यातला वापरते. ‘व्हॅन’साठी वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर हलके टेकवा आणि आवाज चालू ठेवा. ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. ‘वन’साठी ‘उ’ म्हणायला करतो तसा तोंडाचा चंबू करा आणि तो पटकन उघडा, ‘उअन’. दात आरशात दिसता कामा नयेत. मग जोड्या घ्या: व्हाइन-वाइन, व्हेस्ट-वेस्ट, व्हेट-वेट. रोज पाच मिनिटं केलं तर महिन्याभरात ओठ आपोआप जागेवर जातात.

दुसरं, बसचं पातळ तिकीट तोंडासमोर धरून ‘पिन’ म्हणा. तिकीट हललं नाही, तर परदेशी कानाला ते ‘बिन’ लागू शकतं. ‘कोट’चं ‘गोट’ होतं. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या ‘प’, ‘ट’, ‘क’ला हवेचा झोत असतो, आपला ‘प’ कोरडा असतो. पण म्हणून ‘फिन’ म्हणायला जाऊ नका, तो वेगळाच शब्द आहे. ‘स्पिन’मध्ये ‘स’च्या मागे झोत नसतो, तिथे तिकीट स्थिर राहिलं पाहिजे.

आणि सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो जोराला. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखा मान देतो. इंग्रजीत एका अक्षरावर ठोका पडतो, बाकीची दबून जातात, आणि परदेशी माणूस शब्द ओळखतो तो त्या ठोक्यावरून. आपण ‘हॉटेल’ म्हणतो, जोर ‘हॉ’वर. त्यांचं ‘होटेल’, ठोका ‘टेल’वर. ‘डेव्हलप’ नाही, ‘डिव्हेलप’, ठोका ‘व्हे’वर. ‘कमिटी’चा ‘मि’वर, ‘इंजिनिअर’चा अगदी शेवटी. ‘पोलीस’ आणि आपल्या ‘मरीन लाइन्स’मधलं ‘मरीन’, दोन्हींचा दुसऱ्यावर.

हे समजावताना मी फार अडखळायचे. एका गणपतीनंतर ढोल पथकात वाजवणारी एक मुलगी वर्गात आली. ती म्हणाली, “ताई, म्हणजे टिपरू कुठल्या अक्षरावर पडतं तेच ना?” तेव्हापासून आम्ही असंच करतो. शब्द तोंडाने म्हणायचा नाही, आधी मांडीवर वाजवायचा. ‘होटेल’ म्हणजे हलका, जोराचा. ‘डिव्हेलप’ म्हणजे हलका, जोराचा, हलका. हात बसला की मग तोंड उघडायचं. त्याच मुलीकडून मी ‘फोटोग्राफ’ वाजवून घेतलं, ठोका पहिल्यावर. मग ‘फटॉग्रफी’, ठोका सरकला दुसऱ्यावर आणि पहिल्या ‘ओ’चा पार ‘अ’ झाला. ती स्वतःच दचकली. ‘रेकॉर्ड’ही असाच: नोंद या अर्थी ठोका पहिल्यावर, नोंदवणे या अर्थी दुसऱ्यावर.

ठोका कुठे आहे, हे कुणाला विचारायची गरज नाही. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची डिक्शनरी मोबाइलवर उघडा. उच्चार दिलेला असतो तिथे अक्षरांच्या वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ दिसेल, तिच्या लगेच पुढचं अक्षर जोराचं. शेजारी स्पीकरची दोन चित्रं असतात, एक ब्रिटिश, एक अमेरिकन. दोन्ही दाबा. दोन्हींत ठोका एकाच जागी असेल आणि तुमचा दुसरीकडे पडत असेल, तर शब्द उजव्या पानावर. ते दोघंच एकमेकांपासून वेगळे असतील, तर डाव्या.

विशेषनामांना मात्र डिक्शनरी फारशी उपयोगी नाही. हार्बर लाइनवरचं रे रोड इंग्रजीत आर-ई-ए-वाय असं लिहितात. ते १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचं नाव, ते तसंच म्हटलं जातं. नावाचा उच्चार नाववाल्याला विचारावा. उलट बाजूनेही हेच. ‘ळ’ इंग्रजीत नाही, म्हणून परळचं ‘पारेल’ झालं आणि वरळीचं ‘वरली’. इंग्रजी बोलतानाही मी परळच म्हणते, आणि मुलींनाही तेच सांगते.

शेवटी तपासणी. उजव्या पानावरचे दहा शब्द मोबाइलवर रेकॉर्ड करा, मागेपुढे काही न बोलता. तुमची वही न पाहिलेल्या कुणाला तरी ऐकवा आणि ऐकू आलं ते कागदावर लिहायला सांगा. आठ बरोबर आले तर पुढचे दहा घ्या. चुकलेले दोन शब्द उद्याच्या दहांत पुन्हा सगळ्यात वर लिहा.