रुग्णालयाच्या भिंतीवर वारली चित्र: भिंत निवडण्यापासून निगा राखण्यापर्यंत

कुडाच्या घरावर वारली चित्र काढायचे तर शेणमातीचे सारवण, त्यावर गेरू आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग एवढे पुरते. रुग्णालयात यातले काहीच चालत नाही. पिठाला मुंग्या, झुरळे आणि बुरशी लागते, गेरू अंगाला लागतो आणि जंतुनाशकाचे फडके फिरले की दोन्ही वाहून जातात. रुग्णालयाची भिंत रोज पुसली जाते, तिच्यावर स्ट्रेचर घासतात, नोटिसा चिकटतात. चित्राला हे सगळे सोसायचे आहे, हे धरूनच काम आखावे.

ही पद्धत ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातला मुलांचा वॉर्ड आणि त्याबाहेरचा व्हरांडा डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. हिशेबासाठी २० फूट लांब आणि ४ फूट उंच पट्टा, म्हणजे ८० चौरस फूट धरले आहेत.

१. भिंत निवडा

शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, प्रसूतिकक्ष, भाजलेल्या रुग्णांचा विभाग आणि संसर्गजन्य रुग्णांची खोली सोडून द्या. तिथल्या भिंती सलग, गुळगुळीत आणि धुता येतील अशाच असायला हव्यात. बाह्यरुग्ण विभागाची प्रतीक्षा जागा, व्हरांडे, जिने, मुलांचा वॉर्ड, लसीकरणाची खोली, डायलिसिस विभाग या जागा योग्य. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येतो आणि चार-चार तास एकाच भिंतीकडे पाहत असतो, तरी त्या भिंतीचा विचार सहसा कोणी करत नाही.

वॉर्डात चित्र खाटेच्या समोरच्या भिंतीवर हवे. उशामागची भिंत फक्त भेटायला आलेल्यांना दिसते, शिवाय तिथे ऑक्सिजनचे आउटलेट आणि स्विचबोर्ड असतात. आडव्या रुग्णाला दिसावे म्हणून समोरच्या चित्राची खालची कड जमिनीपासून साडेचार-पाच फुटांवर ठेवा. व्हरांड्यात गणित वेगळे. स्ट्रेचर आणि ट्रॉल्या साधारण अडीच-तीन फुटांवर घासतात, म्हणून पट्टा ३ ते ७ फुटांच्या मध्ये घ्या आणि त्याखाली टाइल्स किंवा धक्कापट्टी राहू द्या. लहान मुलांना दिसाव्यात अशा मुंग्या, कोंबड्या, खेकडे पट्ट्याच्या अगदी तळाशी काढा.

हात धुण्याचे बेसिन आणि सॅनिटायझरचा डबा यांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट भिंत कोरी ठेवा. सॅनिटायझरमधले अल्कोहोल ॲक्रिलिक रंगाला मऊ करते. ओल्या हाताचे शिंतोडे उडत राहिले की महिन्याभरात तिथला रंग चिकट होतो आणि बोटाने निघतो.

भिंतीची ओल तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. दीड फूट चौरस जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून २४ तास ठेवा. आतून पाण्याचे थेंब दिसले तर आधी गळती किंवा खालून चढणारी ओल बंद करा. कोकणातल्या इमारतींत क्षार फुटून रंगाचे पापुद्रे सुटतात, आणि त्यावर कितीही महाग रंग लावला तरी तो पहिल्या पावसाळ्यातच फुगतो. नवे प्लॅस्टर किमान चार आठवडे सुकू द्या. हे काम नोव्हेंबर ते मार्चमध्ये करावे.

२. परवानग्या

वैद्यकीय अधीक्षकांचे लेखी पत्र, संसर्ग नियंत्रण समितीची मान्यता आणि सरकारी इमारत असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाची ना-हरकत घ्या. पैसा रुग्ण कल्याण समितीतून यायचा असेल तर ठराव आधी व्हावा. या पत्रांतच वॉर्डचा अर्धा भाग कोणत्या दिवशी रिकामा मिळेल हे लिहून घ्या, कारण काम अडते ते तिथेच.

३. कलाकार आणि विषय

वारली चित्र वारली कलाकारांकडूनच करून घ्या. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांच्या गंजाड गावाच्या आसपास आणि एकूणच पालघर जिल्ह्यात, डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार या तालुक्यांत भिंतीवर काम करणारे अनेक स्त्री-पुरुष आहेत. या कलेला भौगोलिक मानांकनही आहे. बोर्ड रंगवणाऱ्याला मोबाइलवरचे चित्र दाखवून नक्कल करून घेतली की माणसे सगळी एका मापाची, एका चालीची उमटतात आणि भिंत वेष्टणाच्या कागदासारखी दिसते. मजुरी रंगाच्या खर्चापासून वेगळी ठरवा, प्रवास आणि राहणे त्यात मिसळू नका, थोडी आगाऊ रक्कम द्या आणि चित्राच्या कोपऱ्यात कलाकाराची सही असू द्या. दुरुस्तीला वर्षाने पुन्हा यायचे असेल तर त्याचे पैसेही आत्ताच कागदावर आणा.

विषयाबाबत कलाकाराला मोकळीक द्या, पण काही गोष्टी आधी बसून बोला. प्रसूती विभाग म्हटला की लग्नचौक आणि त्यातली पालघाट देवी (सुफलतेची देवी) हवी असा आग्रह हमखास होतो. चौक हे लग्नविधीतले लेखन आहे. सवाशिणी तो लिहितात आणि धवलेरी (लग्न लावणारी स्त्री-पुरोहित) गाणी म्हणते. तो शोभेसाठी मागू नये. कलाकारानेच आपणहून सुचवले तर गोष्ट निराळी. त्याऐवजी भातलावणी, मळणी, पाणी भरणाऱ्या बाया, तारपा या फुंकवाद्यावरचा नाच, माशांनी भरलेला ओढा, पक्ष्यांनी लगडलेले झाड असे कितीतरी आहे.

वारली चित्रांत साप आणि विंचू सहज येतात. पण ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात विभागात सर्पदंशाचा रुग्ण आणला जातो, तिथे ते नकोत. घुबड आणि कावळा वॉर्डाच्या आसपास टाळा, नातेवाईकांच्या मनात त्यांचा अर्थ पक्का असतो. ताडीच्या झाडावर चढलेला माणूस फार देखणा दिसतो, पण व्यसनमुक्ती कक्षासमोर त्याला चढवू नका. तापात किंवा भ्रमात असलेल्या रुग्णासमोर गच्च भरलेली, गरगरती रचना त्रासदायक ठरू शकते. तारप्याचे रिंगण व्हरांड्यात घ्या आणि खाटेसमोर मोकळी जागा असलेली झाडे-पक्षी ठेवा. अमेरिकेतल्या रॉजर उलरिक यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले होते आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली होती. चित्रातले झाड म्हणजे खिडकी नव्हे, पण निवडायचेच असेल तर झाड निवडावे.

४. चित्राला वाट दाखवू द्या

हा या कामाचा सर्वांत उपयोगी भाग, आणि तोच बहुधा राहून जातो. वाचता न येणाऱ्या आजीला ‘बालरुग्ण विभाग, पहिला मजला’ या पाटीचा काही उपयोग नसतो. प्रत्येक विभागाला एकच खूण द्या: मुलांसाठी मोर, प्रसूतीसाठी ताडाचे झाड, रक्त तपासणीसाठी मासा, औषधांच्या खिडकीसाठी बैलगाडी. खूण ९ ते १२ इंचांची, जमिनीपासून पाच फुटांवर, आणि मुख्य दार, जिन्याचे वळण, लिफ्ट आणि विभागाचे दार या प्रत्येक ठिकाणी अगदी तशीच. मोर आणि कोंबडा असे जवळजवळचे आकार दोन विभागांना देऊ नका. लिखित पाट्या आहेत तशाच राहतील. केसपेपर देणाऱ्या कर्मचाऱ्याने ‘मोराच्या मागे मागे जा’ असे तोंडाने सांगितले नाही तर खुणा नुसत्या शोभेच्या उरतात, म्हणून काम संपल्यावर त्यांना एकदा सगळ्या खुणा फिरून दाखवा.

अग्निशामक, बाहेर जाण्याचा मार्ग आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे पिवळे, लाल, पांढरे, निळे डबे यांच्या मागे किंवा लगत चित्र काढू नये. या गोष्टी एका नजरेत दिसायला हव्यात.

५. सामान (८० चौरस फुटांसाठी)

रंगाच्या एका हाताला लिटरमागे १०० ते १२० चौरस फूट धरा. डब्यावर जास्त आकडा असतो, पण तो गुळगुळीत भिंतीचा.

- पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक प्रायमर: १ लिटर
- गेरूच्या छटेचा, कमी वासाचा, धुता येणारा ॲक्रिलिक इमल्शन: २ लिटर
- पांढरा ॲक्रिलिक इमल्शन: १ लिटर
- पाण्यावर आधारित मॅट (बिनचकाकीचा) पॉलियुरेथेन क्लिअर कोट, म्हणजे चित्रावरचा पारदर्शक संरक्षक थर: २ लिटर
- ॲक्रिलिक पुट्टी: २ किलो, फक्त भेगा आणि खड्ड्यांसाठी
- १२० आणि २२० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर, २, ४ आणि ६ नंबरचे गोल ब्रश, ९ इंची रोलर, एक इंची मास्किंग टेप, जाड प्लॅस्टिक

सगळी भिंत गेरू रंगाने भरू नका. वॉर्ड अंधारतो, शिवाय गडद रंगावर रक्ताचा डाग सफाई कर्मचाऱ्याच्या नजरेतून सुटतो. गेरूचा पट्टा आणि बाकी भिंत फिकट, हे बरे.

६. भिंतीची तयारी

जुना ऑइलपेंट असेल तर खरवडून खडबडीत केल्याशिवाय ॲक्रिलिक त्यावर धरत नाही. नखाने ओढले की सलग साल निघते. पण कोरडे घासू नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आली ती नोव्हेंबर २०१७ पासून, त्यामुळे त्याआधीच्या ऑइलपेंटच्या धुळीत शिसे असू शकते. शिवाय धुळीतले बुरशीचे कण प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णाच्या फुफ्फुसात जाऊ शकतात. भाग रिकामा करा, छतापासून जमिनीपर्यंत प्लॅस्टिकचा पडदा लावा, पाणी लावून घासा, राडा ओल्या फडक्याने लगेच उचला. केरसुणी नको. मग पुट्टी, पुन्हा ओले घासणे, प्रायमर, आणि चार-सहा तासांच्या अंतराने गेरूचे दोन हात. रात्रभर सुकू द्या.

७. रेखाटन आणि रंग

आधी खडूने मोठे आकार पक्के करा: झाड, घर, रिंगण. बारीक माणसे कलाकार थेट ब्रशनेच काढतो, तिथे खडूचा हट्ट धरू नका. पांढऱ्यात दहा टक्क्यांपर्यंतच पाणी घाला. पातळ झाला की ओघळतो आणि खालचा गेरू डोकावतो. बहारूची काडी (वारली कलाकारांची पारंपरिक लेखणी) वापरायची असेल तर खुशाल वापरू द्या, तिच्या रेषेत जो जाड-बारीकपणा येतो तो ब्रशला येत नाही.

कागदावर काम करणाऱ्यांना पांढऱ्यात डिंक किंवा फेव्हिकॉल घालायची सवय असते. ते इथे टाळा, कारण ओल्या फडक्याने तो थर मऊ पडतो. पोस्टर कलर तर अजिबात नको. वरून क्लिअर कोटचा ब्रश फिरताच पांढरे पसरते आणि चार दिवसांचे काम दुधाळ होऊन बसते.

दोन कलाकारांना या पट्ट्यासाठी साधारण तीन-चार दिवस लागतात. दुपारी बाह्यरुग्ण विभाग बंद झाल्यावरचा वेळ सोयीचा.

८. क्लिअर कोट

पांढरा रंग २४ तास, दमट हवेत ४८ तास सुकल्याशिवाय वर काही लावू नका, नाहीतर कोट धुरकट होतो. डबा हळूहळू, तळापासून ढवळा. चकाकी घालवणारी पूड खाली बसलेली असते, ती वर आली नाही तर भिंतीवर काही ठिकाणी मॅट आणि काही ठिकाणी चकचकीत ठिगळे दिसतात. दोन पातळ हात पुरतात. ट्यूबलाइटखाली चकचकीत कोट लावला तर खाटेवरून चित्राऐवजी दिवाच दिसतो. थिनरवाले वार्निश वास आणतेच, पण काही महिन्यांत पांढऱ्याला पिवळेही करते. शेवटच्या हातानंतर दोन-तीन दिवस खिडक्या उघड्या ठेवा आणि तोवर दम्याचे रुग्ण किंवा नवजात बाळे तिथे आणू नका.

हे सगळे भिंतीवर करण्याआधी एक फुटाच्या प्लायवर तेच सगळे थर देऊन आठवडाभर सुकवा. मग रुग्णालयात वापरतात त्याच जंतुनाशकाने पन्नास वेळा पुसा. एक टक्का हायपोक्लोराइट वापरत असतील तर तेच घ्या. फडक्यावर रंग उतरला तर क्लिअर कोट बदला.

९. निगा

सफाई कर्मचाऱ्यांना सांगा: मऊ ओले फडके, घासणी नाही, हायपोक्लोराइट लावले तर दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसणे. पण चित्राचा खरा वैरी सेलोटेप. योजनांची पोस्टर्स नेमकी चित्रावरच येऊन चिकटतात, कारण तिथे लोकांची नजर जाते. पट्ट्याच्या बाजूला तीन बाय चार फुटांचा नोटीसबोर्ड पहिल्याच दिवशी लावा.

गेरू, पांढरा आणि क्लिअर कोट प्रत्येकी पाव लिटर घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून त्यावर छटेचा क्रमांक आणि तारीख लिहा, आणि डबे भांडारात नोंदवून ठेवा. दिवाळीनंतर एकदा भिंत तपासा. टवका नखाएवढा असेल तर त्याच आठवड्यात भरा. क्लिअर कोट शाबूत नसेल तर टवक्याच्या कडेने पाणी आत शिरते आणि पुढच्या पावसाळ्यात तळहाताएवढा पापुद्रा सुटतो.