तुईना शिकायचं तर आधी वाळूची पिशवी

तुईना म्हणजे चिनी वैद्यकातली उपचाराची मालिश. ती शिकायला येणाऱ्या बहुतेकांना बिंदूंची घाई असते: कुठे दाबलं की काय बरं होतं, तेवढं सांगा. चीनमधल्या अभ्यासक्रमात मात्र पहिली गाठ पडते ती वाळूच्या पिशवीशी. साधारण 25 सेंटिमीटर लांब, 15-16 सेंटिमीटर रुंद कापडी पिशवी, आत वाळू किंवा तांदूळ, वरून धुता येईल असा अभ्रा. सुरुवातीला ती घट्ट भरतात, हात बसत गेला की सैल करत नेतात. माणसाच्या अंगाला हात लावायचा तो त्यानंतर.

पिशवीवर सगळ्यात जास्त वेळ खाणारी क्रिया म्हणजे गुनफा. शांघायचे तुईना-वैद्य डिंग जीफंग यांनी 1940च्या दशकात तिला आजचं रूप दिलं. पंजाची मागची बाजू, करंगळीकडची कड, टेकवायची आणि हात पुढे-मागे लोळवायचा. मनगट वाकणं आणि कोपराखालचा हात फिरणं या दोन हालचाली एकाच वेळी व्हायला हव्यात. मनगट पुढे सुमारे 80 अंश आणि मागे 40 अंश जातं. पुढे जाताना दाब जास्त, परतताना त्याच्या साधारण एक तृतीयांश. वेग मिनिटाला 120 ते 160 फेऱ्या. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक ताल देणारं ॲप, लावून सराव करा, नाहीतर दमल्यावर वेग कधी पडला ते कळतही नाही.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. लाटणं पोळीवर फिरतं, घासत नाही. हातही तसाच फिरायला हवा. तो सरकू लागला की रुग्णाची कातडी खेचली जाते आणि तुमच्याही बोटांच्या गाठी सोलवटतात. मनगट ताठ ठेवलं तर प्रत्येक फेरीला हाड आपटतं आणि 'टक टक' जाणवतं. खांदा वर चढला किंवा दंड झुलू लागला तर पाच मिनिटांत मान भरून येते. खांदा सैल, कोपर 120 ते 140 अंशांत, आणि कोपर व छाती यांत मुठीएवढं अंतर, एवढं सांभाळलं तर निम्म्या चुका आपोआप जातात. डावा हात पहिल्या दिवसापासून घाला. उजवा तयार झाल्यावर डाव्याकडे वळणाऱ्यांचा डावा कायम मागेच राहतो.

दुसरी क्रिया यीझीछान, अंगठ्याच्या टोकाने ढकलणं. मूठ पोकळ, कोपर खाली, मनगट लोंबतं, जोर फक्त अंगठ्यात. वेग तोच, पण जागा बदलायची अगदी सावकाश. नवखा माणूस इथे जोराने दाबतो आणि महिन्याभरात अंगठ्याचा सांधा दुखवून घेतो. ज्यांचं अंगठ्याचं पेर मागे झुकतं त्यांनी पेर वाकवून ढकलण्याचा प्रकार शिकावा. हट्टाने सरळ अंगठा वापरू नये. ताकद लागते, पण ती पायांतून आणि कमरेतून यावी. म्हणून तर यीजिनजिंगसारखे व्यायाम आणि घोडेस्वारासारखी बैठक अभ्यासक्रमातच असते. तो तास टाळणारे पुढे पाठदुखीने हैराण होतात.

आपल्याकडच्या अभ्यंगाची सवय असलेल्यांना आणखी एक गोष्ट नवी वाटेल: बहुतेक क्रिया कोरड्याच, अंगावर सुती कापड टाकून होतात. तेल किंवा मलम लागतं ते मुख्यतः घासण्याच्या क्रियेला. उष्णता आत उतरेपर्यंत घासायचं, आणि ते सगळ्यात शेवटी. तापलेल्या कातडीवर नंतर इतर क्रिया केल्या तर ती सोलली जाते.

बिंदूंचं पाठांतर वाटतं तितकं अवघड नाही. प्रमाणित बिंदू 361, पण रोजच्या कामाला साठ-सत्तर पुरतात. अंतर मोजायचं रुग्णाच्याच बोटांनी: अंगठ्याची रुंदी एक छुन, जोडलेल्या चार बोटांची तीन छुन. रुग्ण लहानखुरा आणि शिकाऊ धिप्पाड असला की स्वतःच्या बोटांनी मोजलेला बिंदू हमखास चुकतो. बिंदूंपेक्षा स्नायू, सांधे आणि नसा यांवर जास्त वेळ घालवा.

कुठे हात लावायचा नाही हे तर आधी पाठ हवं. हाड मोडलेलं, हाडाचा क्षय किंवा कर्करोग, ठिसूळ हाडं, रक्त पातळ करणारी औषधं, पोटरीत रक्ताची गुठळी असल्याचा संशय, उघडी जखम. गरोदर बाईच्या पोटावर आणि कमरेवर काम नको. हगू आणि सानयिनज्याओ हे बिंदूही वर्ज्य. कंबरदुखीसोबत लघवीवरचा ताबा गेला असेल किंवा मांड्यांमधला भाग बधिर झाला असेल तर तडक रुग्णालयात पाठवा. आणि मानेला झटका देऊन 'कट' आवाज काढणं नवशिक्याचं काम नाही. मानेतली रक्तवाहिनी फाटू शकते. व्हिडिओ पाहून हे करणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

मुलांची तुईना ही वेगळीच शाखा आहे. तिथे बिंदूंबरोबर रेषाही असतात. ताप असेल तर मनगटाच्या आतल्या बाजूने कोपरापर्यंत जाणारी थ्यानहशुइ ही रेषा पाण्याचं बोट लावून ढकलतात. हात हलका, फेऱ्या शेकड्यांनी. मोठ्यांवर हात बसल्याशिवाय इकडे वळू नये.

पूर्ण शिक्षण हवं असेल तर चीनमध्ये ॲक्युपंक्चर आणि तुईना यांची एकत्र पाच वर्षांची पदवी आहे. बीजिंग, शांघाय, ग्वांगझू आणि छंगदू इथल्या चिनी वैद्यकाच्या संस्था 1956 पासूनच्या. चिनी माध्यमासाठी सहसा एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी मागतात, पण रुग्णाची तक्रार समजायला ती अपुरी पडते. आरोग्य-मालिशीचे काही आठवड्यांचे वर्गही तिथे चालतात. ते स्पामधल्या कामासाठी ठीक, पण वैद्यकीय तुईनात धरले जात नाहीत. भारतात शिकवणाऱ्या संस्थेचा अभ्यासक्रम जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 मधल्या तुईना प्रशिक्षणाच्या निकषांशी ताडून पाहा, आणि शिक्षकासमोर प्रत्यक्ष रुग्णावर किती तास मिळणार ते लेखी विचारा.

परवान्याचं आधीच बघा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी कायदा आणि परिषद आहे. तुईनाला तसा स्वतंत्र परवाना नाही, त्यामुळे प्रमाणपत्राच्या जोरावर नावामागे 'डॉक्टर' लावता येत नाही. अमेरिकेत मालिशीचा परवाना राज्यागणिक वेगळा: न्यूयॉर्कला 1000 तासांचं शिक्षण लागतं, टेक्सासला 500. बाहेर घेतलेले तास ते राज्य धरेल की नाही, हे फी भरण्याआधी त्या राज्याच्या परवाना मंडळालाच विचारून घ्या.