जाताना पावलं, येताना फोटो

जवळचं वाचायच्या चष्म्याला मराठीत चाळिशी म्हणतात. मला ती ४३व्या वर्षी लागली, म्हणजे भाषेचा अंदाज तीनच वर्षांनी चुकला. आता मी ५२ची, अहो ५७चे, आणि आम्ही चिपळूणचे. डॉक्टरांनी ह्यांना रोज चालायला सांगितलं आणि मुलीनं मला चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घेऊन दिला, हे दोन्ही एकाच महिन्यात झालं. पुढे जी भांडणं झाली, ती करून करून चालणं आणि फोटो दोन्ही साधायची ही पद्धत बसली आहे. गुहागरचा समुद्र असो की आपली वाशिष्ठी नदी, दोन्हीकडे चालते.

सगळ्यात आधी हे ठरवा: जाताना फक्त चालायचं, येताना फोटो. एकत्र जमत नाही. मी शिंपल्यापाशी थांबले की मागून आवाज यायचा, "अगं, तेवीसशेच झालीत फक्त." ह्यांना दहा हजार पावलं लागतात. हा आकडा कुठल्या मोठ्या वैद्यकीय अभ्यासातून निघालेला नाही. १९६५मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' अशा अर्थाचं होतं, तिथून तो जगभर पसरला. हे मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "जपानी लोक उगाच काही करत नाहीत."

तर संध्याकाळी ऊन असताना पाठ फिरवून सरळ चालत सुटायचं, फोन पिशवीत. परत फिरायची वेळ अशी धरायची की सूर्य बुडायला पाऊण तास असेल. उजेड तेव्हाच मऊ होतो, आणि पावलं निम्मी झालेली असल्यामुळे सोबतचा माणूसही मऊ झालेला असतो.

पण कुठल्या दिवशी जायचं? यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या मावशींनी मला हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे १५, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला भरती, आणि तिथून सहा-सव्वासहा तासांनी, साडेपाचच्या आसपास, पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. अमावास्येलाही तेच. थोडं मागेपुढे होतं, पण दोन गुडघ्यांच्या माणसाला एवढा अंदाज बस होतो.

आता गंमत बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे भरती जेवढी वर चढते तेवढंच पाणी सुकतीला लांब जातं. नेमकं सूर्य बुडताना गुहागरला ओल्या, घट्ट वाळूचा भलामोठा पट्टा उघडा पडतो. चालायला सिमेंटसारखा आणि फोटोला आरशासारखा, कारण आख्खं आभाळ त्यात उतरतं. पौर्णिमा असेल तर मान वळवली की मागे सुरूच्या बनावर चंद्र. उलट अष्टमीला जाल तर ८ची पाऊणपट सहा, म्हणजे तुम्ही पोचता तेव्हाच भरती. वाट्याला येते वरची भुसभुशीत वाळू. तिच्यात दोन किलोमीटर चाललात की दुसऱ्या दिवशी जिना बसून उतरावा लागतो. आम्ही उतरलोय.

वाळू समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर धरते. त्याच वाटेनं परत आलात की दुसरा पाय खाली पडतो आणि फिट्टंफाट होते. एका टोकाला उतरून दुसऱ्या टोकाला रिक्षा बोलावण्याची हौस म्हणूनच करू नये.

फोटोचं बोलायचं तर पहिला महिना माझे सगळे फोटो धुक्यातले आले. नात्यातल्यांनी वाहवा केली, "काय धुकं पडलंय गं!" एप्रिल महिना होता. गाडीत एसी लावून जायचं आणि उतरल्या उतरल्या दमट हवेत फोन काढायचा, मग काचेवर वाफ धरणारच. पोचायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी एसी बंद करून काचा खाली करा. दुसरं, खारं. तासाभरात लेन्सवर चिकट थर बसतो आणि दिव्यांना मिशा फुटतात. तो ओढणीनं खसाखसा पुसू नका, ओढणीत वाळू असते. आधी फुंकर, मग पाण्यानं किंचित ओलं केलेलं मऊ फडकं. चष्म्याचं फडकं दोन्हीला चालतं, फक्त पुसताना चाळिशी नाकावर राहत नाही आणि काय पुसतोय ते दिसत नाही, ही अडचण मला अजून सुटलेली नाही.

क्षितिज सरळ ठेवा. फोनच्या सेटिंगमध्ये ग्रिड नावाच्या रेघा असतात, त्या चालू करा. नाहीतर आख्खा अरबी समुद्र डावीकडे सांडतो. मावळतीला स्क्रीनवर आभाळाच्या उजळ भागावर बोट टेकवायचं म्हणजे रंग पांढरे फटक पडत नाहीत. माणसं काळी येतात, पण आमच्या वयात तो फायदाच धरावा.

आता खाली बसण्याविषयी, कारण खरा धोका तिथे आहे. सुकतीला ओल्या वाळूवर मोहरीपासून वाटाण्यापर्यंतच्या गोळ्या दिसतात, मधल्या भोकापासून रांगोळीसारख्या चौफेर पसरलेल्या. करंगळीच्या नखाएवढा एक खेकडा त्या करतो. वाळू तोंडात घालतो, कणांवरचं खाणं चाटून घेतो आणि उरलेली वाळू गोळी करून मागे टाकतो. भरती आली की भोकात, आणि रांगोळी पुसली जाते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी उकिडवी बसून बावीस फोटो काढले. उठायला गेले तर गुडघे म्हणाले, तू जा पुढे. जाळी आवरणारा एक मुलगा धावत आला, "काकू, काय हरवलंय काय?" मी म्हटलं, कानातलं. पाच मिनिटं बिचारा माझ्याबरोबर नसलेलं कानातलं शोधत होता. कानातली दोन्ही कानांत होती.

तेव्हापासून मी फोन उलटा धरते. लेन्स वरच्या कडेला असते, फोन उलटा केला की ती वाळूला लागते. कमरेत थोडं वाकून हात खाली सोडायचा आणि आवाजाचं बटण दाबून फोटो काढायचा. स्क्रीन दिसत नाही, पण दहातले दोन भन्नाट येतात, आणि खेकडाही आपल्याला बघून इतका घाबरत नाही.

आठवड्यात गुहागरला जाणं होत नाही, मग चिपळुणातलाच, वाशिष्ठीवरचा गोवळकोटचा धक्का. पोफळीला वीज करून सोडलेलं कोयनेचं पाणी वाशिष्ठीला मिळतं, त्यामुळे उन्हाळ्यातही नदी आटत नाही. पावसाळ्यात मात्र काठाला जायचं नाही. ज्यांनी २२ जुलै २०२१चा महापूर चिपळुणात काढला, त्यांना कारण सांगावं लागत नाही. भरतीचं पाणी इथवर चढतं, समुद्रापेक्षा जरा उशिरा, म्हणून कॅलेंडर इथेही लागतं. थंडीत सुकतीच्या वेळी चिखल उघडा पडतो आणि त्यावर मगरी ऊन खात पडतात. धक्क्यावरूनच बघायच्या. चांगला फोटो मिळावा म्हणून खाली चिखलात उतरणाऱ्याचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. झूम पूर्ण ओढू नका, सगळं कालवणासारखं होतं. थोडाच ओढा, कठड्यावर कोपर टेका, घरी जाऊन कापा. माझ्याकडे मगरींचे ३१ फोटो आहेत. चाळिशी लावून नीट पाहिल्यावर त्यांतले १९ ओंडके निघाले.

येताना फोटो हा नियम ह्यांनी वर्षभर पाळला, पण पावलं कमी भरतात ही तक्रार संपेना. मग मुलीनं ह्यांना मनगटावरचं घड्याळ दिलं. ते पाय मोजत नाही, हात हलला की मोजतं, हा शोध ह्यांना दुसऱ्याच दिवशी लागला. आता मी खेकड्याशी वाकलेली असते आणि हे शेजारी एका जागी उभे राहून आरतीची घंटा वाजवल्यासारखा हात हलवत असतात. परवाच्या पौर्णिमेला माझे चौदा फोटो चांगले आले. त्यांतल्या सहांत डाव्या कोपऱ्यात एक पुसट हात आहे.