एम.एस्सी. केमिस्ट्रीनंतर केमइन्फॉरमॅटिक्स : सुरुवात कुठून करावी

केमइन्फॉरमॅटिक्स म्हणजे रेणूंची माहिती संगणकावर साठवणं, शोधणं आणि ताडून पाहणं. जळगाव-धुळ्याकडची एम.एस्सी.ची मुलं हमखास विचारतात, "दादा, कोडिंग किती लागतं?" पायथन आणि एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) कामापुरतं आलं की सुरुवात होते. इथं तुमची ऑरगॅनिक केमिस्ट्रीच जास्त उपयोगी पडते.

डेटाबेसच्या लेखी रेणू म्हणजे ग्राफ : अणू हे बिंदू, बंध या रेषा. स्माइल्समध्ये, म्हणजे रेणू अक्षरांच्या ओळीत लिहायच्या पद्धतीत, इथेनॉल 'सीसीओ' लिहा नाहीतर 'ओसीसी', रेणू तोच. म्हणून अणूंचा क्रम आधी ठरवावा लागतो. त्यासाठीची मॉर्गन यांची पद्धत १९६५ची. आज २७ अक्षरांची इंची-की, म्हणजे रेणूच्या रचनेवरून काढलेली ओळखखूण, साठवली की 'हाच रेणू आहे का' याचं उत्तर साध्या इंडेक्सवर मिळतं.

कस लागतो तो रेणूतला तुकडा शोधताना. आयसोअमाइल ॲसिटेट घ्या. त्याचा वास रावेर-यावलच्या माणसाला सांगायला नको, पिकल्या केळीचाच. त्यातला ॲसिटेट एस्टरचा तुकडा शोधायला टाकला, तर ॲस्पिरिनही सापडतं, कारण तोच तुकडा त्यातही आहे. पण लाखो रेणूंवर तुकडा अणू-अणू जुळवून पाहणं फार वेळखाऊ. म्हणून प्रत्येक रेणूचा फिंगरप्रिंट, म्हणजे शून्य-एकची ओळ, आधीच करून ठेवतात. तुकड्याच्या ओळीत जिथे एक आहे तिथे रेणूच्या ओळीत शून्य दिसलं, की तो रेणू बाद. उरलेल्यांवरच खरी जुळवणी होते, उलमन यांच्या १९७६च्या किंवा व्हीएफ२सारख्या अल्गोरिदमने. चाळणीतून पार झालेला प्रत्येक रेणू उत्तर नसतो. दोन वेगळ्या रचना एकाच बिटवर, म्हणजे ओळीतल्या एकाच जागेवर, पडू शकतात. मुलाखतीला जाण्याआधी हे पक्कं करा.

मॉर्गन फिंगरप्रिंट साम्य मोजायला उत्तम, पण या चाळणीला वापरू नका. तो अणूचा शेजारही मोजतो, आणि तुकडा मोठ्या रेणूत बसला की शेजार बदलतो. मग बरोबर उत्तरंही गळतात. साम्य मोजायचं माप टॅनिमोटो : एका रेणूत 'एक' असलेले ४० बिट, दुसऱ्यात ५०, सामाईक ३०, तर ३० भागिले ६० (४० + ५० − ३०), म्हणजे ०.५.

सरावाला आरडीकिट (केमइन्फॉरमॅटिक्सचं सॉफ्टवेअर) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) पुरे, दोन्ही फुकट. केंब्ल या रेणूंच्या डेटाबेसचा डेटाही मोफत उतरवता येतो. आधी थोडेच रेणू भरा, एकच शोध इंडेक्ससह आणि इंडेक्सशिवाय चालवा, वेळ ताडून पाहा. मग २-हायड्रॉक्सीपिरिडीन शोधा आणि २-पिरिडोन (त्याचाच टॉटोमर) म्हणून साठवलेली नोंद सापडते का ते बघा.