काजव्यांच्या हंगामात पाड्यावर पाहुणे ठेवायचे तर

मे संपत आला की अकोले तालुक्याच्या डोंगरात हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं काजव्यांनी लखलखतात. तिथल्याच पुरुषवाडी गावात महादेव कोळी या आदिवासी समाजाची घरंच पाहुण्यांना जेवू-खाऊ घालतात, मुक्कामाला ठेवतात. तुमच्या पाड्यावर हे सुरू करायचं असेल, तर खोल्या बांधायच्या आधी ग्रामसभा बोलवा.

अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या आदिवासी भागात, १९९६ च्या पेसा (पंचायत विस्तार) कायद्याने ग्रामसभेला मोठा अधिकार दिला आहे. राज्याच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा घोषित करून घेता येते. ठरावात स्पष्ट लिहा: एका रात्री किती पाहुणे, कुठे फिरायचं, देवराईत जायचं की नाही. बायकांनी होकार दिल्याशिवाय ठराव करू नका, कारण चूल आणि हंडा त्यांच्याच वाट्याला येतो.

पाहुण्यांचा आकडा खाटांवरून नाही, विहिरीवरून ठरवा. काजव्यांचा हंगाम म्हणजे पाणीटंचाईचा काळ. शहरातला माणूस अंघोळीला दोन बादल्या सहज घेतो. बुकिंग घेतानाच 'माणशी एक बादली' असं सांगून टाका. समजूतदार पाहुणे ऐकतात.

मग पैसा. घरांच्या पाळ्या लावा, म्हणजे रस्त्यालगतच्या दोन घरांनाच सगळं मिळणार नाही. स्वयंपाक, मुक्काम, वाटाड्या यांचे दर वेगवेगळे फळ्यावर लिहा आणि माणशी ठरावीक रक्कम गावनिधीत टाका. हिशेब दर महिन्याला सभेत वाचा. बाहेरचा एजंट आलाच, तर दर त्याने नाही, गावाने ठरवायचा.

जेवणात नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, काळभात या गावठी वाणाचा भात द्या. पनीर आणायला बाजार गाठू नका.

रात्रीची फेरी सगळ्यात जपून. काजवे उजेडाच्या खुणेनेच जोडीदार शोधतात. गाडीचा दिवा, मोबाईलचा फ्लॅश पडला की ती खूण हरवते. गाड्या गावाबाहेर लावा. वाटाड्याच्या बॅटरीवर लाल जिलेटीन कागद बांधा, उजेड पायापुरताच ठेवा आणि झाडाजवळ पोचल्यावर तोही बंद करा. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढा वेळ पाहुण्यांना बसवा. पायवाट सोडू देऊ नका: अळ्या ओल्या पाल्यापाचोळ्यात वाढतात, माद्याही बहुधा गवता-झुडपात खाली बसलेल्या असतात. अभयारण्याची हद्द असेल, तर वन विभागाची परवानगी आणि वेळा आधी विचारून घ्या.

आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की बुकिंग बंद करा. तेव्हा घरातली सगळी माणसं खाचरात असतात.